मूक वेदनेला हवी साथ : एन्डोमेट्रिओसिस समजून घेताना

‘पाळीत पोट दुखायचंच, त्यात काय विशेष?’ हे वाक्य आपल्या घराघरांत मुलीला प्रथम आई ऐकवते, मग शेजारीण, लग्नानंतर सासू आणि पुष्कळदा डॉक्टरसुद्धा. साधारण दुखणे बहुतेक स्त्रियांना असते, हे खरेच. परंतु ज्या वेदनेमुळे मुलीची शाळा बुडते, नोकरदार स्त्रीला दर महिन्याला रजा घ्यावी लागते आणि गृहिणीला अंथरुणातून उठवत नाही, ती वेदना साधारण नव्हे. तिच्यामागे एन्डोमेट्रिओसिस नावाचा रोग असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळजवळ १९ कोटी स्त्रिया व मुलींना तो आहे. याचाच अर्थ असा की, आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशा भगिनी असणार. फक्त त्या बोलत नाहीत.

रोग नेमका काय आहे?

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीच्या रूपाने बाहेर पडते. या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, बीजवाहिन्यांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढू लागतात, तेव्हा त्यास एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. संप्रेरकांच्या प्रभावाने या पेशीही फुलतात व स्रवतात. मात्र ते रक्त बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे तेथे दाह होतो, व्रण पडतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुने रक्त साचून गाठ झाली की तिला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. हा कर्करोग नव्हे आणि संसर्गजन्य रोगही नव्हे.

तो का होतो, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांवाटे उलट ओटीपोटात जाते व तेथे या पेशी रुजतात, असा सिद्धांत अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडला. परंतु असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होतो, रोग मात्र काहींनाच होतो. म्हणून रोगप्रतिकारशक्ती व आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असावा, असे मानले जाते. आई किंवा बहिणीला हा रोग असल्यास धोका वाढतो. तेव्हा स्त्रीच्या वागण्याशी, आहाराच्या चुकीशी किंवा कोणाच्या शापाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

निदानाला इतका उशीर का?

पाळीच्या वेळी तीव्र वेदना, अतिरक्तस्राव, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी दुखणे, सततचा थकवा आणि मूल न होणे, ही प्रमुख लक्षणे. ती उच्चारायलाच संकोच वाटतो. त्यामुळे पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत अनेक वर्षे निघून जातात. भारतात जन्मलेल्या सुप्रसिद्ध लेखिका व दूरचित्रवाणी कलाकार पद्मा लक्ष्मी यांना किशोरवयापासून त्रास होता. निदान झाले ते वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. पैसा व उत्तम वैद्यकीय सोयी हाताशी असूनही ही अवस्था, मग आपल्या गावातील मुलीची काय कथा!

साधी सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे रोग नाही, असे समजू नये. तज्ज्ञांनी केलेली अंतर्गत सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. अधिक माहिती देते. पूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशिवाय निदान पक्के मानत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र लक्षणे व तपासण्या यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. डॉक्टरांकडे जाताना वेदना कोणत्या दिवशी, किती तीव्र आणि कोणते काम अडले, याची दोन-तीन महिन्यांची नोंद वहीत करून न्यावी. ‘खूप दुखतं’ या दोन शब्दांपेक्षा ती वही डॉक्टरांना अधिक सांगते.

उपचार आणि गैरसमज

हा रोग समूळ नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु तो आटोक्यात ठेवता येतो. वेदनाशामक औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या आणि आवश्यक तेथे दुर्बिणीने शस्त्रक्रिया, हे मुख्य मार्ग. शेक आणि हलका व्यायाम यांनी काहींना आराम पडतो.

‘लग्न झालं की बरं होईल’, ‘एक मूल झालं की त्रास जाईल’ हे सल्ले निराधार आहेत. गर्भारपण हा या रोगावरील उपचार नव्हे. ‘गर्भाशयच काढून टाका’ हा सल्लाही घाईने स्वीकारू नये. गर्भाशयाबाहेरील रोग त्याने जाईलच असे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला व राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण विसरता कामा नये. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

काही श्रद्धावंत भगिनींना वेगळीच चिंता असते: संप्रेरकांच्या गोळ्या म्हणजे संततिनियमनाच्या गोळ्या, त्या घेतल्यास पाप लागेल काय? याचे उत्तर ख्रिस्तसभेने कधीच दिलेले आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने विटे’ या परिपत्रकात, शरीराचा आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेले उपचार ख्रिस्तसभा निषिद्ध मानत नाही, मग त्यामुळे काही काळ गर्भधारणा होणार नसली तरीही, असे स्पष्ट केले. हेतू मात्र उपचाराचा हवा. २००८ च्या ‘डिग्निटास पर्सोने’ या व्हॅटिकनच्या निवेदनात तर एन्डोमेट्रिओसिसवरील शस्त्रक्रियेचा, वंध्यत्वावरील ग्राह्य उपचार म्हणून, नाव घेऊन उल्लेख आहे. टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग मात्र ख्रिस्तसभा स्वीकारत नाही. मूल नसलेल्या दांपत्याने हे ऐकताना त्यांना होणाऱ्या दुःखाची जाणीव ठेवूनच आपण बोलावे. शंका असल्यास मनात कुढत न बसता धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे.

आधार कोठून मिळेल?

१९८० साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात मेरी लू बॅलवेग या रुग्ण स्त्रीने आपल्यासारख्या इतर भगिनींना एकत्र आणून एन्डोमेट्रिओसिस असोसिएशन स्थापन केली. ‘मला होते तेच हिलाही होते’ हे कळणे, हाच पहिला दिलासा असतो. वेदनेवर विश्वास ठेवणारे कोणी भेटले की अर्धा भार उतरतो.

हा भार उतरवण्यास आरंभ घरातून व्हावा. पतीने डॉक्टरांकडे सोबत जावे, शरीरसंबंधातील वेदनेला नकार समजू नये, आणि त्या दिवसांत स्वयंपाकघर आपणहून सांभाळावे. सासूबाईंनी ‘पाळणा कधी हलणार?’ हा प्रश्न आवरावा. वंध्यत्वाचा ठपका सुनेवर ठेवण्यापूर्वी दोघांचीही तपासणी व्हावी. या रोगाने गर्भधारणा कठीण होऊ शकते, अशक्य होतेच असे नाही. शिक्षिकांनी दर महिन्याला गैरहजर राहणाऱ्या मुलीची बाजूला घेऊन चौकशी करावी.

धर्मग्रामातही पुष्कळ करता येईल. महिला मंडळाने वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे. मार्च महिना जगभर या रोगाच्या जागृतीसाठी पाळला जातो, तो त्यास योग्य. विवाहपूर्व शिबिरात हा विषय वर आणि वधू दोघांपुढे मांडावा. लहान ख्रिस्ती समूहातील परिचारिका भगिनी, ‘चल, मी येते तुझ्याबरोबर’ एवढे म्हणाल्या, तरी एखादीची कित्येक वर्षे वाचतील.

संत मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री भेटते. वैद्यांकडे तिचे सारे धन संपले होते. ती गर्दीत मागून, लपत येते. प्रभू येशू मात्र थांबतो, तिला सारे काही सांगू देतो आणि मग तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. तिला बरे करणे आपल्या हाती नसेल; पण थांबणे आणि ऐकणे तर आहे. आज आपल्या घरात कोणी पोट धरून बसली असेल, तर तिला आधी विचारू या: ‘किती दिवसांपासून दुखतंय, बाळ?’