वारीचें चाकावरचें बिऱ्हाड

आषाढी वारीच्या भक्तिरसाचें वर्णन करणारे लेख पुष्कळ झाले. परंतु दिंडीबरोबर जाणाऱ्या ट्रकाविषयीं कोणी चार ओळी लिहिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. वस्तुतः आळंदीपासून पंढरपुरापर्यंतच्या सुमारें २५० किलोमीटरांच्या वाटेंत शेंदोनशें माणसांचा संसार याच वाहनावर चालतो. परदेशांत मोटारीच्या पाठीवर बिछाना, चूल व पाण्याची टाकी बसवून रानावनांत हिंडण्याची हौस आहे, आणि महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं अशा घरवजा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण ठरविलें. त्या गाड्यांत चार माणसें सुखानें निजतात. दिंडीचा ट्रक कोणाच्या निजण्यासाठीं नसतो; तो म्हणजे फिरतें कोठार आणि मुदपाकखाना. संस्कृतांत घरच्या साधनसामग्रीस ‘उपस्कर’ असा भारदस्त शब्द आहे. तो उपस्कर येथें दोरखंडानें आवळून बांधलेला दिसतो.

हैबतबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकांत ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीसोहळ्यास आजचें शिस्तीचें रूप दिलें. सोहळ्याचे घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे. हें अंकली गांव बेळगांव जिल्ह्यांतलें, आम्हां कोल्हापुरकरांस शेजारचें. पालखीचा रथ अद्याप बैलच ओढतात. पण दिंड्यांचें सामान वाहणाऱ्या बैलगाड्या गेल्या व त्यांची जागा ट्रकांनीं घेतली.

सेवानिवृत्तीनंतर कांहीं वर्षें आमच्या भागांतील एका दिंडीचें सामान लावण्याचें काम माझ्याकडे आलें. शाळेंत शिकविलेलें त्रैराशिक तेथें चांगलें उपयोगी पडलें. माणशीं दररोज ४०० ग्रॅम धान्य धरलें, तर दोनशें माणसांस ८० किलो लागतें, आणि वीस दिवसांचें १,६०० किलो होतें. पिण्यास व रांधण्यास माणशीं पांच लिटर पाणी धरलें, तरी रोजचें १,००० लिटर, म्हणजे वजनानें एक टन. त्यांवर तंबू, वळकट्या, परातीं-पातेल्यांची चळत! एवढें ओझें एका वेळीं लादून दिवे घाट चढूं म्हणणें हें धाडस खरें, पण शहाणपण नव्हे. म्हणून धान्य पांच-सहा दिवसांपुरतेंच घ्यावें, व पुढें लोणंद, फलटण अशा बाजाराच्या गांवीं भर घालावी. पीठ दळून नेण्यापेक्षां धान्य नेऊन वाटेंत दळून घेणें बरें. पावसाळी हवेंत पिठास वास लागतो, बाजरीचें पीठ तर लवकरच कडू होतें. साबुदाणा, भगर व शेंगदाणे निराळ्या डब्यांत हवेत, कारण ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदी सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं एकादशी उभी राहते, आणि बहुधा त्याच दिवशीं घाट चढावा लागतो.

पाण्याची एकच मोठी टाकी बसविण्याचा मोह पुष्कळांस होतो. ती अर्धी रिकामी झाली कीं आंतलें पाणी वळणावर हेलकावे खातें व ट्रकास एका अंगावर ओढतें. त्याऐवजीं प्रत्येकीस स्वतंत्र तोटी असलेल्या तीन लहान टाक्या हौद्याच्या तळाशीं, केबिनीस लागून, पट्ट्यांनीं आवळाव्या. हें काम आमच्या उद्यमनगरांतल्या कोणत्याही कसबी कारागिरास सहज करतां येईल. पाणी टँकरचें असो वा विहिरीचें, गढूळ असेल तर प्रथम निवळूं द्यावें, मग क्लोरिनचें औषध सांगितलेल्या प्रमाणांत घालून अर्धा तास थांबावें. तहानलेला मनुष्य अर्धा तास थांबत नाहीं, यास्तव एक टाकी नेहमीं आधीं तयार ठेवावी.

सामान लावण्याचा नियम उलटा असतो. मुक्कामावर जें प्रथम लागणार तें सर्वांच्या शेवटीं चढवावें. फाळका उघडतांच ताडपत्री, बांबू व चुलीचें साहित्य हातीं आलें पाहिजे. पावसाची सर आली असतां तांदळाचीं पोतीं उपसून ताडपत्री शोधणें परवडत नाहीं. ट्रकाच्या एका कुशीस ताडपत्री बांधून पुढें बांबूंवर उतरती केली, कीं पडवी तयार होते. वाऱ्याच्या बाजूस पत्रा उभा केला म्हणजे शेगडीची ज्योत विझत नाहीं व इंधनही वांचतें.

गॅसच्या बाबतींत मात्र कोणाची भीड धरूं नये. हा वायु हवेहून जड. गळला तर हौद्याच्या तळाशीं सांचून राहतो. सिलिंडर उभेच बांधावे, त्या कप्प्यास खालच्या अंगास झरोके ठेवावे, आणि कितीही पाऊस असो, हौद्यांत ताडपत्रीखालीं शेगडी कधींच पेटवूं नये. आगीचें भय तर आहेच, पण कोंडलेल्या जागीं होणाऱ्या विषारी धुरास रंग नाहीं कीं वास नाहीं.

याहून मोठें भय झोंपेचें. पाऊस लागला कीं दमलेलीं माणसें कोरडी जागा म्हणून ट्रकाखालीं शिरतात. एका मुक्कामीं पहांटे तीनच्या सुमारास चालक गाडी सुरूं करणार, इतक्यांत एका वारकऱ्याच्या हातांतल्या बॅटरीचा झोत सहज खालीं पडला. चाकाशेजारीं दोन म्हातारे घोंगडी पांघरून निजलेले! त्या दिवसापासून आमच्या दिंडींत रात्रीं किल्ली दिंडीप्रमुखाकडे राहते, आणि दोघांनीं दोन्ही अंगांनीं फिरून खालीं पाहिल्याशिवाय ती चालकास मिळत नाहीं. चढणारीं माणसेंही आवरावीं लागतात. मालवाहू गाडींत माणसें बसविणें कायद्यानें मना आहे. थकलेल्यांसाठीं निराळी प्रवासी गाडी करावी, खर्च वाढला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींस विशेष जाणवेल. ट्रक पुढें गेला कीं स्वयंपाकाच्या बायाही पुढें जातात. पहांटे दोनला उठून भाकऱ्या थापावयाच्या, भांडीं घांसावयाचीं, पुढच्या मुक्कामीं पुन्हा चूल. पालखीबरोबर चालणें दूर, सायंकाळची समाजआरतीही कित्येकींच्या वांट्यास येत नाहीं. पंढरीस निघालेल्या बाईनें वीस दिवस चुलीशींच घालवावे, यांत मला न्याय दिसत नाहीं. आम्हीं चार तुकड्या पाडल्या. प्रत्येकीची पाळी चौथ्या दिवशीं, आणि दोन तुकड्या पुरुषांच्या. पहिल्या वर्षीं पुरुषांच्या भाकरीचे नकाशे पाहून बाया पदर तोंडाला लावून हंसल्या. तिसऱ्या वर्षीं भाकरी गोल झाली. पिठलें अद्याप पातळच होतें.

द्वादशीचें पारणें झाल्यावर परत फिरतांना भांडीं मोजून यादीशीं ताडून घ्यावीं. घरीं पोंचल्यावर ताडपत्री दोन दिवस उन्हांत पुरती वाळवून मगच घडी घालावी, नाहींतर पुढच्या ज्येष्ठांत तिच्या घड्यांवर बुरशीखेरीज कांहीं सांपडणार नाहीं.