प्रीमियर मैदान आणि पुनर्प्रशिक्षण

डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर मैदान’ आहे. तिथे आता सभा आणि मेळावे होतात. हे नाव का पडलं, ते नव्या वसाहतींतल्या मुलांना सांगावं लागतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता, दुसरा इथे. कुर्ल्याला पद्मिनी तयार होई. इथे नव्वदच्या दशकात फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ जोडली जाऊ लागली. १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतलं आणि काही वर्षांत पद्मिनीही थांबली.

कामगारांना नवं काम शिकवावं, हा विचार तेव्हाही होता. केंद्र सरकारने फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला. भरपाई, प्रशिक्षण आणि नवा रोजगार, असे त्याचे हेतू होते. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सरकारी उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला आणि प्रशिक्षण मागे राहिलं.

माझे एक शेजारी ठाणे जिल्ह्यातल्या एका गाडी कारखान्यात फिटर होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. कारखाना सुटला तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यांनी रिक्षा घेतली. “मला काय येतं, हे कुणी विचारलंच नाही,” असं ते एकदा म्हणाले. माझ्या मते पुनर्प्रशिक्षणाची सुरुवात याच प्रश्नाने व्हायला हवी.

आज तो प्रश्न पुन्हा समोर आहे. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आहेत. नकाशा वाचणं, माप घेणं, बोल्ट ठरल्या जोराने आवळणं, हे कसब तसंच लागतं. नवं आहे ते शेकडो व्होल्टच्या बॅटरीचं काम: आधी जोडणी तोडायची, थांबायचं, मीटरने तपासायचं, मगच हात घालायचा. ठाण्यात टीएमटीच्या विजेवरच्या बस धावतात. त्यांच्या देखभालीला असेच हात लागतात.

सौर कामासाठी २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ हा ६०० तासांचा अभ्यासक्रम आहे. रोजचे आठ तास धरले तरी ७५ दिवस होतात. विशीतल्या मुलाला ते जमेल. पंचेचाळिशीतल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या फिटरने तेवढे दिवस बिनपगारी कसे काढायचे?

जर्मनीत बोखुमचा ओपेल कारखाना डिसेंबर २०१४ मध्ये थांबला, तेव्हा कामगारांना एका ‘हस्तांतर कंपनी’त घेतलं गेलं. तिथे त्यांना काही काळ पगाराचा भाग आणि प्रशिक्षण मिळालं. आपल्याकडे असलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे. या दोन गोष्टी एकत्र आणता येतील. कामगार हजेरीपटावर असतानाच त्याची परीक्षा घ्यावी, उणा तेवढाच भाग शिकवावा आणि त्या काळाचा पगार चालू ठेवावा.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसले. काका वर गेले, चौकटीला हात लावला आणि म्हणाले, “हे दोन बोल्ट सैल आहेत.” बसवणाऱ्या मुलाने पाना लावून पाहिला. दोन्ही सैलच होते.