तळघरातला लग्नाचा पोशाख

डिसेंबर 2010 मध्ये शिकागोच्या निवडणूक मंडळापुढे एका घरातल्या सामानाची साक्ष झाली. तळघरात बायकोचा लग्नातला पोशाख, मुलं तान्ही असतानाचे कपडे, आजोबांचा कोट; शिवाय घरात मागे ठेवलेला पियानो आणि पलंग. एवढं सगळं ठेवून परगावी गेलेला माणूस कायद्याच्या नजरेत शिकागोतच राहत होता का? त्या उत्तरावर त्याची महापौरपदाची उमेदवारी अवलंबून होती.

हा माणूस म्हणजे राहम इमॅन्युएल. ओबामांचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून 2009 मध्ये ते वॉशिंग्टनला गेले आणि शिकागोचं घर त्यांनी भाड्याने दिलं. ऑक्टोबर 2010 मध्ये निवडणूक लढवायला परतले, तर भाडेकरू मुदतीआधी घर सोडेना. मग स्वतःचं घर असलेल्या शहरातच त्यांनी दुसरी जागा भाड्याने घेतली. इकडे इलिनॉयचा कायदा सांगत होता की उमेदवार निवडणुकीआधी किमान एक वर्ष त्या शहरात राहिलेला हवा.

24 जानेवारी 2011 रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी त्यांचं नाव बाद केलं. तर्क मोठा विलक्षण होता: देशाच्या कामासाठी बाहेर गेलेल्याचा मताचा हक्क शाबूत राहतो, म्हणून इमॅन्युएल मत देऊ शकतात, पण उमेदवाराने प्रत्यक्ष राहिलं पाहिजे, म्हणून उभे राहू शकत नाहीत. माणूस एक, घर एक, शहर एक, आणि तरी तो एका कामापुरता तिथला, दुसऱ्या कामापुरता परका!

तीनच दिवसांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निकाल फिरवला. त्यासाठी आधार घेतला तो 1867 च्या एका खटल्याचा. स्मिथ नावाचे एक न्यायाधीश इलिनॉय सोडून काही महिने टेनेसीत राहून आले होते. तिकडे त्यांनी मत दिलं नव्हतं, आणि आपली कायद्याची पुस्तकं विकायला नकार दिला होता. परतलो तर वकिलीला लागतील म्हणून. न्यायालयाने तेव्हा ठरवलं की एकदा जडलेलं वास्तव्य नुसत्या गैरहजेरीने तुटत नाही, परतायचा विचार सोडला तरच तुटतं. मन तर कुणाला दिसत नाही, म्हणून न्यायालयं वस्तूंकडे पाहतात. न विकलेली पुस्तकं 144 वर्षांनी एका लग्नाच्या पोशाखाच्या मदतीला आली, ही गोष्ट मला आजही थक्क करते. इमॅन्युएल 22 फेब्रुवारीची निवडणूक जिंकले.

आपल्याकडे ही गाठ वेगळ्या जागी आहे. महाराष्ट्रात उमेदवाराला वर्षाची अट नाही. नाव मतदार यादीत हवं. ग्रामपंचायतीला त्या गावच्या यादीत असलं की गावातल्या कुठल्याही वॉर्डातून उभं राहता येतं, महापालिकेला शहराच्या यादीत असलं की कुठल्याही प्रभागातून. विधानसभेला राज्यात कुठेही मतदार असलं की पुरतं, लोकसभेला देशात कुठेही. निवडणूक जितकी घराजवळची, तितका रहिवासाचा दोर आखूड, आणि हे मला अगदी रास्त वाटतं. गटाराचा आणि नळाचा प्रश्न त्या पाण्यावर जगणाऱ्यालाच कळतो.

म्हणजे सगळा भार यादीवर. यादीत कुणी यायचं, हे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 मध्ये आहे, आणि ते सावकाश वाचण्यासारखं आहे. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. तात्पुरते बाहेर गेलात म्हणून तिथले नाहीसेही होत नाही. तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेला माणूस केवळ तेवढ्यावरून तिथला रहिवासी मानला जात नाही. खासदार-आमदार कामासाठी मतदारसंघाबाहेर असले तरी त्यांचं वास्तव्य टिकतं. शिकागोत ज्यावरून एवढं रण माजलं, त्याचं उत्तर आपल्या आमदार-खासदारांपुरतं कायद्यातच लिहून ठेवलेलं आहे.

कोकणातल्या गावांत याची रोजची परीक्षा होते. चाकरमानी मुंबईत, नाव गावच्या यादीत, आणि ग्रामपंचायत लागली की एसटी नि खासगी गाड्या भरून माणसं मतदानाला गावी. वर्षातून गणपती-शिमग्याला येणारा गावचा रहिवासी म्हणायचा का? गाव बेलाशक हो म्हणेल. कलमाचा निकष मात्र नेहमीच्या वास्तव्याचा आहे, आणि एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं कायद्याला चालत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि ज्याला घरच नाही, त्याचं काय? निवडणूक आयोगाची त्यासाठीची पद्धत मला सगळ्यांत जास्त भावते. बेघर माणसाने अर्जात झोपायची जागा लिहायची: अमक्या पुलाखाली, तमक्या दुकानासमोर. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या ठिकाणी जातो आणि तो माणूस खरोखर तिथे झोपतो का हे पाहतो, तेही एकापेक्षा जास्त रात्री. तो तिथे आढळला की राहत्या जागेच्या कागदाची गरज उरत नाही. नाव यादीत चढतं, आणि वयाची 21 वर्षं पूर्ण असतील, बाकी कुठली अपात्रता नसेल, तर त्याच नोंदीवर तो महापालिकेच्या निवडणुकीला उभाही राहू शकतो.