अद्ययावतीकरणानंतर कॅमेरा कुठे गेला?

दिवाळी नुकतीच उलटली होती. उमरखेड तालुक्यातील एका परिचित कुटुंबातील मुलीची नोकरीसाठीची मुलाखत सकाळी ११ वाजता संगणकावरून व्हायची होती. आदल्या रात्री लॅपटॉपने विंडोजचे अद्ययावतीकरण सुरू केले. ते चालू असतानाच गावातील वीज गेली आणि थकलेल्या बॅटरीने दहा मिनिटांत हात टेकले. सकाळी संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाला, पण कॅमेरा नाहीसा झाला होता. कॅमेऱ्याचा प्रोग्राम उघडला की कॅमेरा सापडत नसल्याची सूचना आणि खाली शेवटी ४२४४ असलेला एक लांबलचक त्रुटीसंकेत येई. ‘काका, कालपर्यंत तर चालत होता हो!’ दूरध्वनीवर तिचा आवाज रडवेला झाला होता. जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याने लॅपटॉप न पाहताच ‘कॅमेरा जळाला असेल, नवा टाकावा लागेल’ असे सांगून टाकले. जिल्ह्याचे ठिकाण शंभरेक किलोमीटरवर आणि हाताशी जेमतेम दीड तास. अखेर मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून मुलाखत कशीबशी पार पडली.

दोन दिवसांनी तो लॅपटॉप माझ्यासमोर आला. कॅमेरा जळालेला नव्हता. वीस मिनिटांत, एकही सुटा भाग न बदलता तो पुन्हा चालू झाला. हा अनुभव एकट्यादुकट्याचा नाही. विंडोज १० साठीच्या नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि त्यानंतर असंख्य घरांतील, दुकानांतील व सेवा केंद्रांतील संगणकांवर विंडोज ११ चढवण्यात आले. अशा बदलानंतर कॅमेरा, प्रिंटर, स्कॅनर यांपैकी एखादे उपकरण रुसून बसते. तेव्हा नेमके काय घडलेले असते आणि आपण काय करावे, हे समजून घेतले तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबरच कोलामी, गोंडी, गोरमाटी आणि तेलुगू बोलणारी माणसे राहतात. झरी-जामणीकडील एखाद्या पोडावर बाहेरगावचा डॉक्टर गेला आणि त्याला कोलामी येत नसेल, तर दोन्ही भाषा जाणणारा माणूस मध्ये लागतो. डॉक्टर हुशार असतो, रुग्णही आपले दुखणे नीट सांगत असतो. पण दुभाषा नसला तर संवाद खुंटतो. संगणकातील ‘ड्रायव्हर’ हा असाच दुभाषा होय. विंडोज ही संगणकाची कार्यप्रणाली आणि कॅमेरा हे उपकरण; या दोघांचे बोलणे परस्परांना समजावून देणारी छोटी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. तो नाहीसा झाला, बिघडला किंवा नव्या कार्यप्रणालीला अमान्य ठरला, तर धडधाकट कॅमेराही संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या वेबकॅमसाठी वेगळा दुभाषा लागे. त्यासाठीची सीडी कॅमेऱ्याच्या खोक्यातच मिळत असे आणि ती हरवली की कॅमेरा निरुपयोगी ठरे. यावर तोडगा म्हणून २००३ साली यूएसबी कॅमेऱ्यांसाठी ‘यूव्हीसी’ नावाचे सामायिक मानक निश्चित झाले. या मानकानुसार बनलेल्या कॅमेऱ्यांना विंडोजमध्ये आधीपासून असलेला एकच सर्वसाधारण ड्रायव्हर पुरतो. लिनक्सच्या गाभ्यातही २००८ साली अशा ड्रायव्हरचा समावेश झाला. आज बाजारात मिळणारे बहुतेक बाह्य वेबकॅम याच जातीचे असतात. मात्र त्याआधीचे जुने कॅमेरे आणि अलीकडच्या काही लॅपटॉपमधील वेगळ्या पद्धतीने जोडलेले कॅमेरे यांना आजही स्वतंत्र ड्रायव्हर लागतो.

दोष नेहमी आपलाच असतो असे नाही

अद्ययावतीकरणामुळे कॅमेरे बंद पडण्याचा इतिहास जुना आहे. ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा एक्सपीवर उत्तम चालणारी अनेक उपकरणे योग्य ड्रायव्हरअभावी मुकी झाली. २ ऑगस्ट २०१६ रोजी विंडोज १० चे वर्धापनदिनाचे अद्ययावतीकरण आले, तेव्हाचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. एकाच कॅमेऱ्याचे चित्र एकाच वेळी अनेक प्रोग्रामना मिळावे म्हणून मायक्रोसॉफ्टने मध्ये एक नवी व्यवस्था बसवली आणि त्या ओघात कॅमेऱ्याकडून दाबून, म्हणजे लहान करून, येणारे चित्र स्वीकारणे बंद केले. परिणामी जगभरातील अनेक वेबकॅम गोठू लागले.

यामागील गणित सोपे आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्यास १६ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे, असा हिशेब मांडला तर सेकंदाला सुमारे ९९ कोटी ५० लाख बिट माहिती वाहून न्यावी लागते. यूएसबी २.० या जोडणीची कमाल क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट एवढीच आहे. चित्र दाबून पाठवण्याची मुभा काढून घेतल्यावर ते त्या वाटेने जाणार कसे? अखेर पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. त्यानंतर २३ मे २०२३ पासून क्वालकॉमचा प्रोसेसर असलेल्या काही विंडोज संगणकांचे अंगभूत कॅमेरे अचानक बंद पडले होते. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती काही ठरावीक कॅमेरे असलेल्या संगणकांना मायक्रोसॉफ्टने स्वतःहून देण्याचे थांबवले होते. तेव्हा कॅमेरा बंद पडला म्हणून घरातील मुलांवर लगेच डाफरण्याचे कारण नाही.

आधी सोप्या गोष्टी तपासा

ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, अनेक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकते झाकण असते किंवा कळफलकावर कॅमेरा बंद करण्याची कळ असते. ती चुकून दाबली गेली नाही ना? दुसरी, कॅमेरा बाह्य असेल तर तो संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी छिद्रात थेट लावून पाहावा. तिसरी, सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या विभागात कॅमेरा उघडून प्रोग्रामना कॅमेरा वापरण्याची परवानगी दिलेली आहे का ते पाहावे. तेथे डेस्कटॉप प्रोग्रामसाठी वेगळी कळ असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चौथी, विषाणूप्रतिबंधक प्रोग्रामने कॅमेरा अडवलेला नाही याची खात्री करावी.

त्रुटीसंकेताचे शेवटचे आकडेही वाट दाखवतात. ४२४४ म्हणजे विंडोजला कॅमेराच सापडत नाही. ४२४३ म्हणजे कॅमेरा आहे, पण तो दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने अडवून ठेवला आहे. दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हरशी झटापट करणे व्यर्थ. तो प्रोग्राम बंद केला किंवा संगणक पुन्हा सुरू केला की काम भागते.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो?

स्टार्टच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. येथे संगणकाला जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी असते. तीत ‘कॅमेराज’ किंवा ‘इमेजिंग डिव्हायसेस’ हा गट शोधावा. तो दिसत नसेल तर व्ह्यू या सूचीतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडावे. नंतर कॅमेऱ्याच्या नावावर दोनदा टिचकी मारली की त्याची स्थिती कळते. कोड २२ म्हणजे उपकरण बंद करून ठेवले आहे, ‘एनेबल’ म्हणावे. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची खातरजमा होत नाही.

उपाय पुढील क्रमाने करावेत. कॅमेरा अद्ययावतीकरणानंतरच बंद पडला असेल तर ‘ड्रायव्हर’ या पानावरील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही कळ प्रथम दाबावी. त्यामुळे आधीचा ड्रायव्हर परत येतो. ही कळ फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर जपून ठेवलेला नाही असे समजावे. मग कॅमेऱ्याच्या नावावर उजवी टिचकी मारून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. सुरू होताना विंडोज कॅमेरा नव्याने ओळखते आणि अर्धवट बसलेला ड्रायव्हर नीट बसण्याची शक्यता असते. मात्र या वेळी ड्रायव्हरच काढून टाकण्याची जी चौकट दिसते, तिच्यात पहिल्याच फेरीत खूण करू नये. उमरखेडच्या त्या लॅपटॉपचे काम एवढ्यावरच झाले.

तेवढ्याने भागले नाही, तर ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून ड्रायव्हर आपल्याच संगणकावर शोधण्याचा पर्याय घ्यावा आणि उपलब्ध यादीतून ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडून पाहावा. यूव्हीसी जातीचा कॅमेरा त्यावर चालू होतो. याशिवाय विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ नावाचा कोपरा आहे. पुष्कळदा हवा असलेला ड्रायव्हर तेथे आपली वाट पाहत पडलेला असतो.

हे सर्व करूनही यश आले नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर शोधावा. कॅमेरा कोणत्या कंपनीचा हेच माहीत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ पाहावे. तेथे व्हीआयडी आणि पीआयडी अशी दोन चार-चार अक्षरांकांची खूण मिळते. पहिली निर्मात्याची, दुसरी उपकरणाची. गाडीच्या चेसिस क्रमांकासारखीच ही ओळख होय. मात्र ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीत’ अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांपासून चार हात दूर राहावे. त्यांतून ड्रायव्हरच्या नावाखाली नको ते प्रोग्राम संगणकात शिरण्याचा धोका असतो.

जेथे उपाय चालत नाही

एक मर्यादा मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळते. यापूर्वी आपल्या संगणकावर विंडोजची ३२ बिट आवृत्ती असेल आणि कॅमेरा यूव्हीसीपूर्व काळातील असेल, तर त्याचा ३२ बिट ड्रायव्हर नव्या कार्यप्रणालीत कोणत्याही युक्तीने चालणार नाही. निर्मात्याने ६४ बिट ड्रायव्हर काढलाच नसेल, तर नवा साधा यूव्हीसी कॅमेरा घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

कॅमेरा खरोखर जळाला की ड्रायव्हरच हरवला, हे ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. पेनड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बसवता, लिनक्स सुरू करून पाहावे. तेथे कॅमेऱ्याचे चित्र दिसले, तर यंत्र धडधाकट असून दोष विंडोजच्या बाजूस आहे हे सिद्ध होते. चित्र न दिसल्यास मात्र कॅमेरा बिघडलाच असे लगेच म्हणता येत नाही, कारण सर्वच कॅमेरे लिनक्सला ओळखता येत नाहीत. बाह्य कॅमेरा असेल तर तो शेजाऱ्याच्या संगणकास लावून पाहणे याहून सोपे. नवा भाग टाकण्यास पैसे मोजण्यापूर्वी दुरुस्ती करणाऱ्याकडे या कसोटीचा आग्रह जरूर धरावा.

पाणी येण्यापूर्वी बांध

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके असून त्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. पुसद, वणी किंवा झरी-जामणीच्या माणसाला प्रत्येक बिघाडासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी धावणे परवडत नाही. सेवा केंद्रातील संगणक तर एका घरचा नसून गावाचा असतो. तेथे अर्जदाराचे छायाचित्र निघाले नाही की दाखल्यासाठी आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून काही पथ्ये आधीच पाळावीत.

महत्त्वाच्या कामाच्या आधीच्या आठवड्यात विंडोज अपडेटमधील ‘पॉज अपडेट्स’ ही सोय वापरून अद्ययावतीकरण थांबवावे; मात्र काम उरकल्यावर ते पुन्हा सुरू करण्यास विसरू नये, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. मोठे अद्ययावतीकरण वीज आणि इंटरनेट या दोहोंचा भरवसा असेल तेव्हाच करावे. डेस्कटॉपला यूपीएस असावा; लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. त्यापूर्वी कॅमेरा, प्रिंटर व नेटवर्क यांचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. नेटवर्कचाच ड्रायव्हर हरवला तर बाकीचे उतरवणार कुठून? विंडोजची नवी आवृत्ती चढवल्यानंतर साधारणतः १० दिवस ‘गो बॅक’ म्हणून मागे फिरता येते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि सर्वांत साधे पथ्य म्हणजे मुलाखत, परीक्षा किंवा सुनावणी असेल तर आदल्या संध्याकाळी पाच मिनिटे कॅमेरा सुरू करून पाहावा. त्या संध्याकाळी लक्षात आलेला बिघाड दुरुस्त करता येतो. तोच सकाळी पावणेअकराला लक्षात आला, तर पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.