मासा दिसतो तिथे नसतो

दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातील नद्यांचे पाणी निवळू लागते. पावसाळाभर गढूळ वाहणारी पवनारची धाम नदी आता तळातले दगड दाखवते. काठावर गळ टाकणारा माणूस मात्र पाण्यापासून बराच मागे, उकिडवा बसलेला आढळतो. का, असे विचारले तर सांगतो, "उभं राह्यलं का मासा पयते, भाऊ."

फ्लोरिडा आणि बहामा बेटांच्या किनाऱ्यालगत गुडघाभर खाऱ्या पाण्यात एका वेगळ्या प्रकारची गळमासेमारी चालते. गळाला पिसे-दोरा गुंडाळून खोटे भक्ष्य बनवतात. ते इतके हलके असते की फेकता येत नाही. म्हणून दोरी जड घेतात, लवचीक काठीने ती मागेपुढे झुलवतात आणि दोरीच्या वजनाने भक्ष्य दूर नेतात. मासा आधी नजरेने हेरायचा आणि त्याला दिसू न देता लांबूनच त्याच्या पुढ्यात भक्ष्य टाकायचे, हे त्यातले कौशल्य. पवनारचा गळकरी आणि हा शिकारी, दोघेही प्रकाशाच्या अपवर्तनाचा एकच नियम पाळत असतात.

प्रथम माशाच्या डोळ्याने पाहू. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे. त्यामुळे बाहेरच्या जगातून येणारे सर्व किरण पाण्यात शिरल्यावर स्तंभिकेशी ४८.६ अंशांच्या आत एकवटतात. हाच पाण्याचा क्रांतिक कोन. म्हणजे माशाला डोक्यावर जणू एक गोल खिडकी असते. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर खिडकीचा व्यास सुमारे ६८ सेंटिमीटर भरतो. खिडकीबाहेर पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे पृष्ठभाग आरशासारखा होतो व त्यात तळच दिसतो.

आता खिडकीची कड पाहा. क्षितिजापासून १० अंश उंचीपर्यंतचे सारे दृश्य माशाला कडेच्या अवघ्या एका अंशात दाबलेले दिसते. शिवाय इतके तिरपे आलेले किरण बरेचसे पृष्ठभागावरूनच परावर्तित होतात. म्हणून ते अंधुकही असते. पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर उंच दिसणाऱ्या माणसाला या दहा अंशांत लपायचे तर साडेआठ मीटर दूर उभे राहावे लागेल. तोच बसून पाऊण मीटर झाला, तर सव्वाचार मीटर पुरेत. उकिडवे बसण्यामागचे गणित हे असे आहे.

माणसाच्या बाजूनेही फसगत होतेच. पाण्यातील वस्तू सरळ वरून पाहिली तर खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल भासते. तिरपे पाहिल्यास त्याहूनही उथळ. म्हणून भाल्याने मासा मारणारा दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतो. बगळ्यालाही हे साधते. समुद्रकाठी राहणाऱ्या एका जातीच्या बगळ्यावरील प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाले. चोच मारण्यापूर्वी तो अपवर्तनाची चूक सुधारून घेतो, असे त्यांत आढळले.

माणसाच्या मुलांना मात्र ही जाण उपजत नसते. पावसाळ्यानंतर नद्या, खाणींचे खड्डे आणि शेततळी भरलेली असतात आणि पाणी नितळ झाल्याने तळ दिसू लागतो. ९० सेंटिमीटर वाटणारे पाणी प्रत्यक्षात १२० सेंटिमीटर असते. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ते छातीइतके भासते, पण उतरल्यावर त्याचे डोके बुडते. 'तळ दिसतो म्हणजे पाणी उथळ' हा समज म्हणूनच जिवावर बेततो.

अपवर्तनाचा धडा शिकवताना पाण्यात वाकलेली पेन्सिल आपण दाखवतोच. तिच्या जोडीला एक प्रयोग करावा, असे आम्ही सुचवतो. बादलीत २४ सेंटिमीटर पाणी भरून तळाशी नाणे ठेवा. विद्यार्थ्याने सरळ वरून नाण्याकडे पाहावे आणि ते जितके खोल वाटते तितक्या उंचीवर बादलीच्या बाहेरून बोट टेकवावे. मग पाण्याच्या पातळीपासून बोटापर्यंतचे अंतर मोजा. ते १८ सेंटिमीटरच्या आसपास येईल. प्रत्येकाचे माप फळ्यावर लिहून सरासरी काढा.

आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: ही बादली नदी असती, तर तुम्ही उतरला असता का?