जुना प्रोजेक्टर विकताय की घेताय? वजनाआधी दाते बघा

जत्रेत तंबूत सिनेमा दाखवणारी ३५ मिलिमीटरची मशीनं आज कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या गोदामात धूळ खात पडली आहेत. थिएटरं डिजिटल झाली, रिळं यायची बंद झाली. भंगारवाला किलोवर भाव सांगतो. पण जुन्या वस्तूंचे हौशी अशी मशीनं शोधत असतात. सुटे भाग सहज मिळत नाहीत, त्यामुळे सगळे भाग जागेवर असलेल्या मशीनला जास्त किंमत येते. लेन्स आधी काढून विकली, की उरलेलं मशीन भंगारातच जातं.

घेताना काय तपासायचं?

१. लगेच बटण दाबू नका. आधी मशीन हाताने फिरवा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं जातात आणि प्रत्येक चित्र क्षणभर थांबावं लागतं. हे काम 'माल्टीज क्रॉस' हा भाग करतो. त्याचं दात्यांचं चाक थांबत-थांबत फिरलं पाहिजे, बाकीची चाकं सलग. अडकलं तर जोर लावू नका. बहुतेक वेळा आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं.

२. चाकाचे दाते बघा. झिजून आकड्यासारखे वाकले असतील तर ते फिल्मची भोकं फाडतात.

३. लेन्स उजेडासमोर धरा. आत जाळीसारखं दिसलं तर ती बुरशी आहे.

४. आवाजाचा छोटा बल्ब आणि फोटोसेल जागेवर आहेत का, बघा.

दिव्यापासून जपून

झेनॉन बल्बमध्ये मशीन बंद असतानाही मोठा दाब असतो. तो फुटला तर काचा अंगावर येतात. चेहऱ्यावर मुखवटा आणि हातात जाड हातमोजे असल्याशिवाय तो काढू नका, जाणकारालाच काढू द्या. कार्बनचा दिवा असेल तर ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. धुराडं हवंच.

देखभाल कशी करायची?

फिल्म जिथून सरकते ते गेट प्रत्येक रिळानंतर पुसा. चिकटलेला थर लाकडी काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर पुढची प्रत्येक फिल्म चरे घेऊन बाहेर येते. तेल बेतानेच घाला, जास्त झालं तर फिल्मवर उडतं. जुन्या वायरी वायरमनकडून बदलून घ्या, मगच वीज जोडा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत दमट होतं. सुती कापड टाका आणि महिन्यातून एकदा हाताने फिरवा.

सोबत रिळं असतील तर

आंबट वास येणारी रिळं खराब व्हायला लागलेली असतात, ती वेगळी ठेवा. १९५० च्या आधीची रिळं नायट्रेटची असू शकतात. ती पेटली तर पाण्यानेही विझत नाहीत. ती चालवू नका, जाळू नका. अशी रिळं सापडली तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

विकायचंच असेल तर आधी कंपनीची पाटी, नंबर, लेन्स आणि दिवा यांचे फोटो काढा. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, मगच गाडीत चढवा.