विद्यार्थ्याचा प्रयोग आणि त्याचे मूल्यमापन : हर्बर्ट बायर यांचे ग्राफिक डिझाइन व छायाचित्रण

प्रस्तावना

उपयोजित कलेच्या अध्यापनात 'प्रयोग' हा शब्द सर्रास वापरला जातो. विद्यार्थ्याने रूढीपेक्षा वेगळे काही केले की त्यास प्रयोग म्हणण्याची प्रथा पडली आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मात्र केवळ वेगळेपणास प्रयोग म्हणत नाहीत. तेथे एक निश्चित प्रश्न असतो, काही मर्यादा असतात आणि निष्पत्ती तपासून पाहिली जाते. हाच निकष ग्राफिक डिझाइन व छायाचित्रण यांना लावता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. ते उदाहरण म्हणजे जर्मनीतील बाउहाउस या कलासंस्थेचे विद्यार्थी हर्बर्ट बायर (१९००–१९८५).

पार्श्वभूमी

वास्तुकार वाल्टर ग्रोपिअस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे बाउहाउसची स्थापना केली. मूळचे ऑस्ट्रियाचे बायर १९२१ मध्ये तेथे दाखल झाले आणि भित्तिचित्रण कार्यशाळेत वासिली कांडिन्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली शिकू लागले. ज्या दोन क्षेत्रांत त्यांनी पुढे नाव मिळवले, त्यांचे रीतसर शिक्षण त्यांच्या विद्यार्थिदशेत तेथे नव्हते, ही बाब लक्षणीय आहे. छायाचित्रणाचा अभ्यासक्रम तर वाल्टर पीटरहान्स यांच्या नियुक्तीनंतर, १९२९ मध्ये सुरू झाला. अभ्यासक्रमात जागा नसतानाही हे प्रयोग संस्थेत होऊ शकले.

चलनी नोटांचे संकल्पन

१९२३ मध्ये जर्मनीत चलनवाढीने कळस गाठला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. अशा स्थितीत थुरिंगिया राज्याने दहा लाख, वीस लाख मार्कांच्या आणीबाणीच्या नोटांचे काम २३ वर्षांच्या या विद्यार्थ्याकडे सोपवले. नोट म्हटली की वेलबुट्टी, राजमुद्रा, व्यक्तिचित्र असा संकेत होता. बायर यांनी तो सर्व बाजूला सारून ठळक, साधे अंक आणि सरळ पट्ट्या यांवर मांडणी उभी केली. येथे साधेपणा ही केवळ आवड नव्हती. ज्या नोटेचे मूल्य काही दिवसांत नाहीसे होणार, ती झटपट छापता यावी व आकडा क्षणात वाचता यावा, ही प्रत्यक्ष गरज होती.

एकच वर्णमाला

१९२४ मधील वृत्तपत्रविक्री केंद्राच्या आराखड्यात बायर यांनी रंगवलेल्या पृष्ठभागावर छापील तुकडे चिकटवले. इमारत, अक्षर आणि चित्र यांचा एकत्र विचार करण्याची ही सुरुवात होती. १९२५ मध्ये बाउहाउस डेसाऊ येथे गेले आणि शिक्षण पूर्ण केलेल्या बायर यांच्याकडे मुद्रण व जाहिरात कार्यशाळा आली. त्याच वर्षी त्यांनी वर्तुळखंड व सरळ रेषा यांतून 'युनिव्हर्सल' हा वर्णसंच रेखाटला. त्यात कॅपिटल अक्षरे नव्हती. उच्चारात लहानमोठा भेद नाही, तर लेखनात दोन वर्णमाला कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. जर्मन भाषेत प्रत्येक नाम कॅपिटल अक्षराने सुरू होत असल्याने हा प्रश्न धाडसाचा होता. हा वर्णसंच त्या काळी खिळ्यांत ओतला गेला नाही. काही अक्षरांची ओळख भूमितीच्या आग्रहामुळे अंधुक होते, हेही मान्य करावे लागते. तथापि प्रश्न स्पष्ट असल्याने या अपूर्ण प्रयोगातूनही शिकता येते.

छायाचित्र आणि मुद्रित पृष्ठ

लास्लो मोहोली-नॉज यांनी १९२५ मधील आपल्या ग्रंथात अक्षर व छायाचित्र यांच्या संयोगास 'टायपोफोटो' असे नाव दिले. बाउहाउस नियतकालिकाच्या १९२८ मधील पहिल्या अंकाचे बायरकृत मुखपृष्ठ हे या कल्पनेचे नेमके उदाहरण होय. त्यांनी दुमडलेल्या अंकावर गोल, शंकू, घन, पेन्सिल व पारदर्शक गुण्या मांडून छायाचित्र घेतले. नियतकालिकाचे नाव छायाचित्रावर नंतर छापलेले नाही. ते छायाचित्रातील वस्तूंपैकीच एक आहे, आणि त्यावर इतर वस्तूंच्या सावल्या पडतात. मुखपृष्ठावर मुखपृष्ठाचेच छायाचित्र असल्याने अक्षर कोणते व चित्र कोणते, हा भेद उरत नाही.

पुढे १९३२ मधील 'एकाकी महानगरवासी' या फोटोमोंताजमध्ये बर्लिनमधील इमारतींसमोर दोन हात दिसतात आणि तळव्यांत डोळे आहेत. कापणे, चिकटवणे, रंगाने सांधे बुजवणे आणि सर्व रचनेचे पुन्हा छायाचित्र घेणे, या क्रमामुळे अशक्य दृश्य विश्वसनीय भासते.

तंत्र आणि हेतू

याच विश्वसनीयतेत धोकाही दडलेला आहे. १९२८ मध्ये बाउहाउस सोडून बायर बर्लिनमध्ये जाहिरात व्यवसायात उतरले. १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या सुमारास भरलेल्या 'डॉइच्लांट' प्रदर्शनाची माहितीपुस्तिका त्यांनी सजवली. तीत जनसमुदायाच्या छायाचित्रावर हिटलरची प्रतिमा याच जोडकामाच्या तंत्राने आली आहे. दुसऱ्याच वर्षी नाझी राजवटीने 'अधःपतित कला' या प्रदर्शनात बायर यांचेही काम निंदेसाठी मांडले. १९३८ मध्ये ते अमेरिकेस गेले. तंत्रात गुण होता, परंतु तो कोणाच्या सेवेस लावावा याचे उत्तर तंत्रात नव्हते.

अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्याकडे बाउहाउसची अनेकदा केवळ शैली उचलली जाते. बायर यांचा कॅपिटल अक्षरांविषयीचा प्रश्न देवनागरीला लागूच पडत नाही, कारण या लिपीत तो भेदच नाही. तिचे प्रश्न शिरोरेषेचे, मात्रांचे आणि जोडाक्षरांचे आहेत. बापूराव नाईक यांनी १९७१ मधील आपल्या ग्रंथात देवनागरी मुद्रणाचा पद्धतशीर विचार केला. पवई येथील आयआयटीत अध्यापन केलेल्या र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा संगणकीय टंक घडवला. उत्तर उसने न घेता प्रश्न आपल्या लिपीत नव्याने मांडणे, हा खरा प्रयोग होय.

यावरून विद्यार्थ्याच्या कामाच्या मूल्यमापनासाठी चार प्रश्न सुचवता येतात : विद्यार्थ्याने प्रश्न कोणता घेतला? मर्यादा कोणत्या स्वीकारल्या? निष्पत्ती वाचकासमोर तपासली काय? आणि हे काम कोणाच्या, कोणत्या हेतूसाठी आहे? आपल्या गुणपत्रिकांत 'सादरीकरण' व 'नावीन्य' यांना सहसा स्थान असते. चौथ्या प्रश्नाला क्वचितच. छायाचित्रातील फेरफार आज संगणकावर काही क्षणांत होत असताना ही उणीव अधिकच जाणवते.

समारोप

अभ्यासक्रमाबाहेरील प्रयोगास संस्थेने जागा दिली, म्हणून एक विद्यार्थी चार वर्षांत शिक्षक झाला. बायर यांच्या पूर्वार्धातून ही मोकळीक देण्याचे महत्त्व कळते, तर १९३६ च्या पुस्तिकेतून त्या मोकळिकीबरोबर हेतूची चौकशी करण्याचे. अध्यापकाने या दोहोंपैकी एकही जबाबदारी टाळणे इष्ट नाही.